पेटीवरचा ब्लूज : फोंड्याच्या एका संगीत शिक्षिकेस उत्तर

फोंडा तालुक्यातील एका विद्यालयात संगीत शिकवणाऱ्या भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे शिक्षण हिंदुस्थानी कंठसंगीतात विशारदपर्यंत झाले असून पेटीवर त्यांचा हात चांगला बसलेला आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी सातवी-आठवीच्या मुलांकडून स्विंग आणि ब्लूज या अमेरिकन संगीतप्रकारांतील दोन रचना बसवून घ्याव्यात, असे मुख्याध्यापकांनी त्यांना सुचवले आहे. वर्गात ३६ मुले आहेत. चौघांकडे व्हायोलिन आहे, एक मुलगा चर्चच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो, शाळेचा एक कीबोर्ड आहे आणि बाकीच्यांकडे गळा व दोन हात. इंटरनेटवरून उतरवून घेतलेले स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी) व्हायोलिनवाल्या मुलांनी बरहुकूम वाजवले, पण ‘ते संचलनासारखे वाटते, झुलत नाही’, अशी त्यांची तक्रार आहे. मुलांची टाळी हमखास पहिल्या मात्रेवर पडते. आवाज फुटू लागलेले मुलगे गायला तयार नाहीत. एका पालकाने ‘हॉटेलातले नाचगाणे शाळेत कशाला’ असे विचारले आहे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात : ‘ज्या संगीतात मी वाढले नाही, ते शिकवण्याचा मला अधिकार आहे का, की नम्रपणे नकार द्यावा?’

सप्रेम नमस्कार.

नकार देऊ नका. मात्र ते उतरवून घेतलेले कागद निदान पहिला महिना कपाटात ठेवा. तुमच्या बहुतेक अडचणींचे मूळ त्या कागदांतच आहे. स्विंगमध्ये एका मात्रेचे दोन स्वर कागदावर सारख्या लांबीचे लिहिले जातात आणि प्रत्यक्षात पहिला लांब व दुसरा आखूड वाजवला जातो. ज्याने हे संगीत भरपूर ऐकलेले आहे त्याला हा संकेत न सांगता कळतो. ज्याने ऐकलेले नाही तो जसे लिहिले आहे तसेच वाजवणार, आणि मग संचलनच होणार. नुसती स्वरलिपी समोर ठेवून कोणी ख्याल गायला बसले, तर काय ऐकू येईल हे तुम्हाला सांगायला नको. मुलांनी आधी ऐकावे, मग तोंडाने म्हणावे, मग अंगाने चालावे आणि त्यानंतरच वाद्य हातात घ्यावे, हा क्रम तुमच्या स्वतःच्या तालमीचाच आहे. तो या वर्गात सोडून देण्याचे कारण नाही.

आता झुलणे म्हणजे नेमके काय, ते पाहू. एका मात्रेचे तीन समान भाग करून पहिले दोन भाग पहिल्या स्वराला आणि उरलेला एक दुसऱ्या स्वराला दिला, की मध्यम लयीतल्या स्विंगच्या अगदी जवळ पोहोचता येते. दोनास एक हे प्रमाण मुलांना मराठीच्या तासाला भेटते : गुरूच्या दोन मात्रा, लघूची एक. म्हणून स्विंगसाठी परक्या अक्षरांची जुळवाजुळव करण्याऐवजी सरळ लगावली, म्हणजे लघूला ‘ल’ आणि गुरूला ‘गा’ म्हणण्याची पद्धत, वापरावी, असे माझे मत आहे. ‘गाल गाल गाल गाल’ असे चार मात्रांत म्हणवून घ्या. मुले हसतील, कारण गाल म्हणजे गाल. हसू द्यावे, हसताना जीभ सैल होते. हे अंगवळणी पडले की सुरुवात उलट करून ‘लगा लगा लगा लगा’ म्हणवून घ्या. यातला ‘ल’ मात्रेच्या आधी येतो आणि पुढच्या मात्रेवरच्या ‘गा’मध्ये जाऊन पडतो. स्विंगमधले बहुतेक वाक्यांश असेच मात्रेच्या अलीकडून सुटतात. शिवतांडवस्तोत्र ज्या पंचचामर वृत्तात आहे त्याची लगावली नेमकी हीच आहे, त्यामुळे ज्यांना ते पाठ आहे त्यांच्या जिभेला ही उडी नवी नाही. अर्थात वर्गात स्तोत्र झुलवत बसू नका. ठसा घ्यावा, शब्द सोडून द्यावेत.

यात दोन सावधगिऱ्या बाळगाव्या लागतात. पहिली प्रमाणाची : उत्साहाच्या भरात मुले दोनास एकचे तीनास एक करतात, म्हणजे पहिला स्वर फारच लांब आणि दुसरा टोचल्यासारखा आखूड. तसे झाले की पुन्हा संचलन सुरू होते. शिवाय हे प्रमाण दगडावरची रेघ नाही. संथ लयीत झोल, म्हणजे दोन स्वरांच्या लांबीतला फरक, जास्त असतो आणि लय जसजशी चढते तसतसे दोन्ही स्वर सारखे होत जातात, म्हणून तुम्ही मिनिटाला ११० मात्रांच्या आसपास सुरुवात करावी हे बरे. दुसरी सावधगिरी आघाताची आहे. आपल्याला वाटते की लांब स्वर महत्त्वाचा, म्हणून जोर त्याच्यावर. स्विंगमध्ये पुष्कळदा उलट असते. लांब ‘गा’ मऊ आणि आखूड ‘ल’ किंचित ढकललेला असतो. व्हायोलिनवाल्या चौघांना गजाच्या मधल्या भागात, छोट्या हालचालीत हे करायला सांगा. पूर्ण लांबीचा गज ओढला की झोल संपला.

टाळीची अडचण तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही, आणि तिच्यात मुलांचे संस्कारच दिसतात. भजनाला, आरतीला, तबल्याच्या ठेक्याला आपले सगळे लक्ष समेकडे असते, त्यामुळे पहिल्या मात्रेवर हात आपोआप पडतो. स्विंगमध्ये टाळीचा जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. ‘पहिलीवर टाळी देऊ नका’ असे सांगून ती थांबत नाही. पहिल्या मात्रेला दुसरे काम द्यावे लागते. मुलांना वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात एका ओळीत चालवा : पहिल्या मात्रेला डावे पाऊल, दुसरीला उजवे, तिसरीला पुन्हा डावे, चौथीला उजवे. पाच मिनिटे नुसते चालणे. मग ज्या ज्या वेळी उजवे पाऊल पडेल त्या वेळी टाळी. समेचा भार डाव्या पायाने उचललेला असल्यामुळे हात मोकळे राहतात. दुसऱ्या दिवशी चालणे बंद करून जागेवर उभ्याने तेच, आणि तिसऱ्या दिवशी बसून, फक्त टाच हलवत. कीबोर्डवर ‘स्विंग’ नावाचे तयार ठेक्याचे बटण असते. ते पहिल्या एक-दोन दिवसांपुरते चालेल, पण त्यावर विसंबून बसवलेला वर्ग यंत्र बंद होताच बसकण मारतो.

तुमच्या वर्गात गणेशचतुर्थीला घुमट-शामेळ या गोव्याच्या तालवाद्यांवर बसणारी दोन-चार मुले नक्की असतील, आणि ट्रंपेटवाल्या मुलाने लग्नाघरी मांडो हे संथ गीत संपून दुलपद हे चपळ गीत सुरू होताना पाय कसे उचलले जातात ते पाहिलेले असेल. दुलपदाच्या चालीत एकेक ठोका तिनात विभागलेला असतो. याच मुलांना ओळीच्या पुढे उभे करा. स्विंग आणि दुलपद एक नव्हेत, पण मात्रेच्या पोटात तीन भाग असतात हे ज्याच्या पायांना माहीत आहे, त्याला गणित समजावत बसावे लागत नाही. घुमट मात्र या दोन रचनांत रंगमंचावर आणू नये, असे मी सुचवीन. शिक्षक, पालक आणि पाहुणे ‘फ्यूजन’ म्हणून टाळ्या देतील, पण मुलांच्या कानांत दोन्ही गोष्टी अर्धवट राहतील. घुमट-आरती स्वतंत्रपणे बसवावी, ती पूर्ण तयारीने होऊ शकते.

आता ब्लूजकडे येतो, कारण इथे तुमच्या पेटीला खरे काम आहे. ब्लूजचा सर्वांत रूढ साचा बारा बारांचा असतो आणि प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे ४८ मात्रांचे एक आवर्तन. आवर्तनाची कल्पना मुलांना शिकवावी लागते तेव्हा इतर ठिकाणी शिक्षकांना फार कष्ट पडतात; तुमच्याकडे ती आहे. या आवर्तनात फक्त तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरगट, फिरतात : षड्जावरची, मध्यमावरची आणि पंचमावरची. पहिले चार बार षड्जाची, मग दोन बार मध्यमाची, मग दोन बार पुन्हा षड्जाची, नवव्या बारला पंचमाची, दहाव्याला मध्यमाची आणि शेवटचे दोन बार षड्जाची. फळ्यावर तीन ओळी काढून प्रत्येक ओळीत चार चौकोन करा आणि त्यांत सा, म, प एवढीच अक्षरे लिहा. मुलांना महिनाभर लागणारे सारे लेखन एवढेच.

तानपुऱ्याचे यंत्र मात्र बंद करा. आपल्याकडे षड्ज-पंचम अखंड वाजत राहिल्यामुळे प्रत्येक स्वराचा अर्थ त्यांच्यावरून ठरतो. ब्लूजमध्ये खालची जमीनच सरकते, आणि ती सरकल्याचे सुख मुलांना मिळायचे असेल तर तिला धरून ठेवणारा कोणी नको.

पेटीवर ही जमीन सरकवायला दोन बोटे पुरतात, आणि ही युक्ती तुम्ही आज संध्याकाळीच करून पाहावी. पांढरी चार (पाश्चात्य नावाने एफ) हा षड्ज धरा. षड्जाच्या कॉर्डसाठी शुद्ध गंधार आणि त्याच्या वरचा कोमल निषाद हे दोनच स्वर दाबा. षड्ज स्वतः वाजवू नका, तो गाणारी मुले देतील. मध्यमाच्या कॉर्डकडे जायचे झाले की दोन्ही बोटे एकेक पट्टी खाली सरकवा : गंधार कोमल होतो, निषादाचा शुद्ध धैवत होतो. पंचमाच्या कॉर्डसाठी मूळ जागेवरून दोन्ही बोटे एकेक पट्टी वर : गंधाराचा मध्यम, कोमल निषादाचा शुद्ध निषाद. संपूर्ण आवर्तनाची सोबत एवढ्याशा हालचालीत बसते. भाता सतत भरलेला ठेवा आणि पट्ट्या दाबून न धरता दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर थोडक्यात दाबून सोडा. भजनाची साथ करताना स्वर एकमेकांत विरघळवण्याची जी सवय आपल्या बोटांना असते ती इथे आड येते, तिच्यावर लक्ष ठेवावे लागेल.

ही दोन बोटे सरकताना तुम्हाला ब्लूजच्या चवीचे कारणही ऐकू येईल. पेटीवर शुद्ध गंधार चालू असताना गळ्यातून कोमल गंधार येतो आणि दोघांची घासाघीस होते. चार बारांनी कॉर्ड मध्यमावर गेली, की तोच कोमल गंधार तिचा हक्काचा स्वर होतो. मुलांना सिद्धान्त सांगू नका. त्यांना कोमल गंधार लांब धरून ठेवायला सांगा आणि खाली तुम्ही बोटे सरकवा. वर्गाच्या चेहऱ्यांवरून तुम्हाला समजेल.

ब्लूजचे स्वर म्हणून जी स्वरमालिका सर्वसाधारणपणे शिकवली जाते ती आपल्या भाषेत अशी : सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नी. तीव्र मध्यम काढला तर उरतात ते धानी रागाचे पाच स्वर. शुद्ध आणि कोमल असे दोन्ही गंधार ज्याच्या अंगात आहेत त्या जोग रागाची आठवण तुम्हाला पहिल्याच दिवशी येईल, आणि ती स्वाभाविक आहे. पण मुलांना ‘ब्लूज म्हणजे जोग’ असे कधीही सांगू नका. रागाला आरोह-अवरोहाची शिस्त, वादी-संवादी आणि न्यासाच्या जागा असतात. इथे स्वर कॉर्डशी आणि बोलीशी बांधलेला असतो. ब्लूजचा गंधार तर पुष्कळदा शुद्ध आणि कोमल यांच्या मधेच कुठेतरी लागतो, जो तुमच्या पेटीवर नाहीच. तो गळ्यावर आणि व्हायोलिनवर आहे. आपल्या मींडेचा उपयोग तिथे होईल, पण लांबवर डौलात नेलेली मींड नको. बोलता बोलता सूर घसरावा इतपत पुरे.

गाण्यासाठी तयार इंग्रजी गीत पाठ करून घेण्याऐवजी मुलांकडून मराठीत, नाहीतर कोकणीत, स्वतःचे ब्लूज लिहून घ्या. पारंपरिक ब्लूजचे कडवे तीन ओळींचे असते : पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि मग तिचे उत्तर देणारी यमकाची तिसरी ओळ. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात. साधारण दोन बारांत शब्द संपतात आणि उरलेल्या दोन बारांत वाद्य उत्तर देते. नमुन्यादाखल हे घ्या :

पाऊस थांबत नाही, माझी वही भिजली सारी,
अहो पाऊस थांबत नाही, माझी वही भिजली सारी,
बाईंना आता सांगू काय, उभा मी वर्गाच्या दारी.

यात काव्य नाही हे मला दिसते आहे, पण ओळीच्या शेवटी जागा मोकळी आहे, आणि तेच हवे. मुले कदंबाच्या चुकलेल्या बसवर, विजेच्या लपंडावावर, गणिताच्या पेपरवर लिहितील. लिहू द्या, गाऱ्हाणे खरे असावे आणि त्यात थोडा तिरकसपणा असावा, एवढी एकच अट घाला. ब्लूज म्हणजे रडगाणे, हा समज अर्धवट आहे, त्यात थट्टाही भरपूर असते. दुसरी ओळ म्हणताना पहिलीच चाल जशीच्या तशी न म्हणता थोडी हलवून म्हणायला सांगा. ख्यालात मुखडा दर वेळी वेगळ्या वाटेने समेवर आणायला तुम्ही शिकवताच.

आवाज फुटलेल्या मुलग्यांना मुख्य चाल देऊ नका. या वयात त्यांच्या गळ्याला मोजकेच स्वर साथ देतात आणि वरचा स्वर फाटला की मुली हसतात, मग तो मुलगा वर्षभर तोंड उघडत नाही. त्यांना खर्जाची बाजू द्या : कॉर्डचा मूळ स्वर, प्रत्येक मात्रेला एक, ‘दुम दुम दुम दुम’. पांढरी चारचा खालचा षड्ज, तिथून मध्यम आणि पंचम, एवढीच त्यांची झेप. ती बहुतेकांना जमते. वर्गातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या कामावर आपल्याला बसवले आहे हे त्यांना लवकर कळेल, कारण ते थांबले की बाकीचे सगळे कोसळतात.

उत्स्फूर्त वाजवण्या-गाण्याला मुले घाबरतील, विशेषतः हुशार मुले. ‘मनाला येईल ते गा’ असे सांगणे हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय आहे. आधी फक्त षड्ज द्या आणि सांगा की या एका स्वरावर दोन बारांत काहीतरी लयीत बोल. दुसऱ्या आठवड्यात षड्ज आणि कोमल गंधार. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्यासोबत खालचा कोमल निषाद. दोन बार म्हणजे आठ मात्रा. आठ मात्रांत कोणाची फजिती होत नाही, व्हायच्या आतच पाळी पुढच्याकडे जाते. एका आवर्तनात सहा मुले होतात, म्हणजे ३६ मुलांचा वर्ग सहा आवर्तनांत संपतो, आणि तुमच्या लयीत एक आवर्तन जेमतेम पंचवीस-सव्वीस सेकंदांचे आहे. अडीच-पावणेतीन मिनिटांत प्रत्येक मूल एकदा एकटे गायलेले असेल. हे रोज करा. चुकीचा स्वर दुरुस्त करू नका, पण लय सुटली तर सोडू नका. आणि गप्प राहणाऱ्या मुलाची दोन बारांची जागा कोणी भरून काढू नये. खालचा खर्ज चालू असतो, शांतताही लयीतच जाते.

हे सगळे चालू असताना रोज तासाच्या सुरुवातीला एकच ध्वनिमुद्रण ऐकवा, आणि तेच आठवडाभर. मी तीन सुचवतो. बेसी स्मिथ यांनी १९२५ साली गायलेले ‘सेंट लुईस ब्लूज’ तुम्ही आधी स्वतः ऐका. त्यात लुई आर्मस्ट्राँग कॉर्नेटवर (ट्रंपेटसारख्या वाद्यावर) प्रत्येक ओळीनंतर उत्तर देतात, आणि साथीला पियानो नसून रीड ऑर्गन आहे, म्हणजे आपल्या संगीत नाटकांतल्या पायपेटीचेच भावंड. पेटी घेऊन ब्लूज शिकवायला संकोच वाटत असेल तर तो तिथे संपेल. दुसरे, काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदाचे १९३७ मधले ‘वन ओ’क्लॉक जंप’ : बारा बारांचाच साचा, आणि शेवटाकडे वाद्यांचे निरनिराळे गट छोटे छोटे वाक्यांश घेऊन एकमेकांवर रचत जातात. अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाक्यांशाला रिफ म्हणतात, आणि मोठा वर्ग वाजवता ठेवायला त्याच्यासारखे साधन नाही. तिसरे, ड्यूक एलिंग्टन यांचे १९४२ मधले ‘सी जॅम ब्लूज’, ज्याची मूळ धून अवघ्या दोन स्वरांची आहे, पंचम आणि षड्ज. स्नेहसंमेलनातली स्विंगची रचना हीच ठेवावी. दोन स्वर सगळ्यांना येतात, त्यामुळे ते झुलतात की नाही एवढाच प्रश्न उरतो, आणि तुमची सगळी मेहनत तिथेच जायला हवी.

अधिकाराबद्दल. या संगीताचा इतिहास बाजूला ठेवून ते शिकवले, तर तुमची शंका रास्त ठरेल. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, पण दक्षिणेकडच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आलेले दारिद्र्य आणि अन्याय संपले नाहीत. कामाच्या वेळी एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचे, अशा श्रमगीतांतून, शेतातल्या हाकांमधून आणि चर्चमधल्या गायनातून ब्लूज वाढला. सातवी-आठवीच्या मुलांना हे सरळ शब्दांत सांगता येते आणि सांगावे. जात्यावर बसून सुखदुःख ओवीत घालणाऱ्या बायका ज्यांच्या पणजीच्या पिढीपर्यंत होत्या, त्यांना श्रम आणि गाणे यांचे नाते समजावून घ्यायला वेळ लागणार नाही. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा : स्नेहसंमेलनात कोणी हौसेने मुलांचे चेहरे काळे रंगवण्याची कल्पना काढली, तर ती तिथल्या तिथे मोडून काढा. अमेरिकेत तसे चेहरे रंगवून कृष्णवर्णीयांची टर उडवण्याचा दीर्घ आणि लाजिरवाणा इतिहास आहे. बनावट अमेरिकन उच्चारही नकोत.

‘हॉटेलातले नाचगाणे’ म्हणणाऱ्या पालकांशी वाद घालू नका, त्यांना गोव्याचीच हकीकत सांगा. १९३५ साली लिऑन ॲबी हे कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले आणि त्यानंतर मुंबईत हे संगीत रुजले. ते पेलणाऱ्यांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते, कारण चर्चच्या शाळांमधून सॉल्फेज (स्वरांच्या नावांनी स्वरलिपी वाचून गाणे) आणि व्हायोलिन शिकून आलेल्या त्या मुलांना लिहिलेले संगीत वाचता येत होते. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, हळदोण्याचे चिक चॉकलेट ही त्यांतली नावे. चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्र यांचे सहायक झाले, आणि १९५१च्या ‘अलबेला’मधल्या ज्या गाण्यांवर या पालकांचे आजी-आजोबा खूश होते, त्यांत हेच हॉटेलातले संगीत मराठी माणसाच्या चालींना येऊन मिळालेले आहे. हॉटेलात वाजले हे खरेच आहे. वाजवणाऱ्यांना पोट होते. कोणी शिकवायला येईल का, असेही तुम्ही शोधा. तियात्राच्या, म्हणजे कोकणी नाटकाच्या, साथीला बसणारे, लग्नाच्या बँडमधले जुने ट्रंपेट किंवा सॅक्सोफोनवादक फोंडा-मडगाव परिसरात सापडतात. त्यांना भाषण करायला नव्हे, एक तास मुलांबरोबर वाजवायला बोलवा आणि मानधन द्या. ‘शाळेचे काम आहे’ म्हणून कलाकाराला फुकट राबवण्याची आपली रीत इथे तरी नको.

राहिले व्यवहाराचे. षड्ज पांढरी चार ठेवायला सांगितला तो मुलींच्या गळ्यासाठी : खालच्या पंचमापासून मधल्या पंचमापर्यंत त्या आरामात गातात. व्हायोलिनवाल्यांना खालचा प, खालचा ध आणि सा या तीन स्वरांची एक रिफ द्या, जी तिन्ही कॉर्डवर न बदलता चालते. त्यातला ध त्यांच्या मोकळ्या डी तारेवर येतो. ट्रंपेट बी-फ्लॅटचा असल्यामुळे त्याला तुमच्याहून एक पूर्ण स्वर वरचे लिहून द्यावे लागते, म्हणजे तुमच्या एफला त्याचा षड्ज जी होईल. हे पहिल्याच दिवशी त्याला सांगा, नाहीतर तो बिचारा बरोबर वाजवत असताना सगळा वर्ग त्याच्याकडे वळून पाहील. तासिका आठवड्याला दोनच मिळत असतील तर दोन रचनांचा हट्ट सोडून मुख्याध्यापकांकडून एकीचीच परवानगी घ्या, आणि ती मुलांनी लिहिलेल्या ब्लूजची घ्या. ‘सी जॅम’ पुढच्या वर्षी करता येईल, तेव्हा आजची सातवी आठवीत असेल आणि टाळी कुठे द्यायची हे नव्या मुलांना तीच सांगेल.